हुन्नराला शाळा हवी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही दैनिकाचे जिल्ह्याचे पान उघडावे. ‘गावठी कट्ट्यासह तरुण ताब्यात’ किंवा ‘दोन पिस्तुले, चार जिवंत काडतुसे जप्त’ अशी चार ओळींची बातमी कुठल्या तरी कोपऱ्यात सापडतेच. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. या बातम्यांत एका गावाचे नाव मात्र पुन:पुन्हा येते. ते म्हणजे उमर्टी. मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातले, पण आपल्या जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला खेटून असलेले हे गाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रतस्करीचा माग काढत तेथे गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर जमावाने हल्ला केला आणि एका सहायक पोलीस निरीक्षकाला धरून नेले. पुढे त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी मोठा फौजफाटा घेऊन याच गावावर छापा घातला, भट्ट्या मोडून टाकल्या आणि तिसाहून अधिक जणांना ताब्यात घेतले. पुण्यात टोळ्यांच्या हाती सापडणाऱ्या पिस्तुलांचा माग त्या भट्ट्यांपर्यंत पोहोचत होता.

पोलिसांनी केले ते योग्यच केले. ज्या शहरात मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या कमरेला पिस्तूल सापडते, त्या शहराच्या पोलिसांना पिस्तुलाच्या उगमापर्यंत जावेच लागेल. परंतु भट्टी मोडल्यावर एक प्रश्न मागे उरतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. कट्टा कोणी विकला, कोणी विकत घेतला, किती रुपयांना घेतला, हे सारे आरोपपत्रात येते. तो बनवायला कोणी शिकवले, आणि तेच हात दुसरे काही बनवायला का शिकले नाहीत, हे येत नाही. भट्टी विटामातीची असते, ती महिनाभरात पुन्हा उभी राहते. हाताला लागलेले वळण त्याहून कितीतरी चिवट असते. बंदुकीचे काम हे मुळात एक हुन्नर आहे आणि इतर कुठल्याही हुन्नराप्रमाणे ते कोणाच्या तरी शेजारी बसून, वर्षानुवर्षे हात चालवूनच येते. ते कोणाच्या शेजारी बसून शिकले जाते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

शिकलगारांची वाट

‘शिकलगार’ हा शब्द आपल्याला परका नाही. सांगली-कोल्हापुरापासून सोलापूरपर्यंत या आडनावाची माणसे आहेत. घासून, उजळून झिलई देणे या अर्थाच्या ‘सैकल’ या अरबी शब्दापासून हा शब्द आला. तलवारीला धार लावणारा, पाते उजळणारा तो शिकलगार. आपल्याकडचे शिकलगार आणि मध्य भारतातले सिकलीगर शीख हे दोन वेगळे समाज आहेत. धंद्याचे नाव तेवढे एक. सिकलीगर शिखांची परंपरा अशी, की त्यांच्या पूर्वजांनी शीख गुरूंच्या सैन्यासाठी शस्त्रे घडवली. त्या काळी हे काम मानाचे होते. मराठ्यांच्या राज्यातही शिलेखाना हा राज्याच्या कारखान्यांपैकी एक होता, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. म्हणजे लोखंड तापवणारा, नळी घडवणारा, घोडा आणि चाप जुळवणारा कारागीर हा राज्याच्या पदरी असलेला माणूस होता. त्याच्या कामाला गिऱ्हाईक होते आणि कामावर कोणाची तरी नजरही होती.

१८५७ नंतर हे चित्र पालटले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, बनवणे, विकणे गुन्हा ठरले. परकीय सरकारचा हेतू उघड होता. हिंदुस्थानी माणसाच्या हाती शस्त्र राहू द्यायचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर आपण १९५९ चा शस्त्र कायदा केला. त्यामागचा हेतू वेगळा, म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेचा होता आणि तो रास्तच होता. परंतु दोन्ही कायद्यांनी एक गोष्ट सारखीच केली. शस्त्राचा विचार केला. ते घडवणाऱ्या कारागिराचे पुढे काय, याचा केला नाही. काहींनी बादल्या, कढया, कुलपे, चाकू-कात्र्या अशी कामे धरली. फिरत्या भांडीवाल्यांनी आणि पुढे कारखान्यांतल्या मालाने तीही पोटापुरती राहू दिली नाहीत. मग ज्या एका वस्तूसाठी गिऱ्हाईक अंधारातून चालत घरी येते, ती वस्तू काहींच्या घरात बनत राहिली. एखाद्या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. त्या खोडीपेक्षा हा इतिहास अधिक काही सांगतो.

दोन शेजारी गावे

हुन्नर आणि शाळा यांचे नाते समजून घ्यायचे, तर बिहारमध्ये गंगेच्या काठी असलेल्या मुंगेरइतके बोलके उदाहरण नाही. अठराव्या शतकात साठच्या दशकाच्या प्रारंभी बंगालचा नवाब मीर कासीम याने मुर्शिदाबादहून राजधानी मुंगेरला हलवली. इंग्रजांशी लढायचे तर त्यांच्या तोडीच्या बंदुका हव्यात, हे त्याने ओळखले होते. गुर्गीन खान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या आर्मेनियन सेनापतीने तेथे शस्त्रांचा कारखाना उभा केला. नवाब हरला, १७६४ साली बक्सरच्या लढाईने सारे संपले. कारागीर मात्र मुंगेरलाच राहिले. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे कसब उतरत गेले. स्वातंत्र्यानंतर येथील परवानाधारक उत्पादकांना एकाच आवारात आणण्यात आले. तिसाहून अधिक छोटे कारखाने, त्यांत बनणाऱ्या एकनळी व दुनळी बंदुका, आणि किती बनवायच्या याचा सरकारने ठरवून दिलेला कोटा, असा हा कारभार होता.

मुंगेरपासून जेमतेम दहा किलोमीटरच्या आतबाहेर जमालपूर आहे. १८६२ साली रेल्वेने तेथे कारखाना काढला; देशातल्या पहिल्या मोठ्या रेल्वे कारखान्यांत त्याची गणना होते. दोन्हीकडे काम लोखंडाचेच, हत्यारे तीच, माणसेही त्याच पंचक्रोशीतली. फरक इतकाच, की जमालपूरला कारखान्याबरोबर शिकाऊ उमेदवारांची परंपरा आली, शिकवणारे आले, परीक्षा आल्या. १९२७ पासून तर रेल्वेच्या यांत्रिकी विभागाचे अधिकारी घडवणारी निवडक उमेदवारांची योजना तेथे चालू झाली आणि ती अनेक दशके चालली. जमालपुरात तयार झालेला अभियंता देशात कोठेही गेला तरी त्याची ओळख त्याच्याबरोबर जाई. मुंगेरच्या उस्तादाजवळ त्याच्या हाताखेरीज काहीही नव्हते; ना प्रमाणपत्र, ना पदनाम, ना दुसरीकडे नोकरी मागण्याचा आधार.

पुढे दुनळी बंदुकीची मागणी ओसरली, नवे परवाने मिळणे अवघड झाले. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा राहिली. घराघरांत बंदुका कमी व्हाव्यात, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. पण प्रत्येक चांगल्या निर्णयाची झळ कोणाला तरी लागते. येथे ती मुंगेरच्या आवारातल्या कारागिराला लागली. एकेक कारखाना मंदावला आणि आवारातून बाहेर पडलेल्या हातांपुढे दोन वाटा राहिल्या. मिळेल ती मजुरी, किंवा गावाबाहेरच्या झोपडीत रात्री चालणारे काम. झारखंड, बंगाल, उत्तर प्रदेशात बेकायदा शस्त्रांचा अड्डा उघडकीस आला, की पकडलेल्यांत मुंगेरचा कोणी ना कोणी असतो, असे वर्तमानपत्रे अनेकदा सांगतात. सगळेच त्या वाटेने गेले असे मुळीच नाही. परंतु जे गेले, त्यांना परत आणणारे दारच कोणी उघडे ठेवले नव्हते.

शिकतात तरी काय?

बंदुकीचे काम शिकवणाऱ्या रीतसर शाळा जगात आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. ऑस्ट्रियात, स्लोव्हेनियाच्या सीमेजवळ फेरलाख नावाचे छोटे गाव आहे. तेथे सोळाव्या शतकापासून बंदुका बनतात. १८७८ साली, म्हणजे लिटनसाहेबाने आपल्याकडे शस्त्र कायदा आणला त्याच वर्षी, फेरलाखला या कामाची शाळा सुरू झाली. ती आजही चालू आहे आणि शस्त्रतंत्राबरोबर तेथे यांत्रिकी व कोरीव कामही शिकवले जाते. जर्मनीत हा तीन वर्षांच्या उमेदवारीचा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. आठवड्याचा काही भाग उस्तादाच्या कर्मशाळेत आणि काही भाग शाळेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या त्रिनिदाद या खाणकामगारांच्या गावी, तेथील सार्वजनिक महाविद्यालयाने १९४७ साली हा अभ्यासक्रम काढला. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण देण्याचा कायदा तेव्हा लागू होता आणि त्याचा लाभ घेऊन अनेकांनी हे काम हाती धरले. अमेरिकेचे बंदुकांचे वेड अनुकरणीय नाही, हे सांगायला नको. आपण पाहायचे ते शिकवण्याच्या रीतीकडे.

या रीतीत पहिला धडा बंदुकीचा नसतोच. विद्यार्थ्यासमोर येतो पोलादाचा एक ओबडधोबड ठोकळा, वाइस आणि कानस. ठोकळा सहाही बाजूंनी सपाट आणि काटकोनात आणायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरला, तर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. यंत्राने हे काम काही मिनिटांत होईल. हाताने करताना आठवडे जातात आणि त्या आठवड्यांत माणूस स्वत:च्या हाताचे दोष शिकतो. आपल्या आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गात बसलेल्या कोणालाही हा धडा ओळखीचा वाटेल. मग स्वत:ची हत्यारे स्वत: बनवायची. जुन्या बंदुकीच्या स्क्रूची खाच अतिशय बारीक असते. बाजारातला स्क्रू-ड्रायव्हर लावला तर ती खाच खराब होते. म्हणून त्या त्या खाचेपुरते पाते घासून घ्यावे लागते. त्यानंतर पोलादाला पाणी देणे. तापवलेल्या घासलेल्या पोलादावर गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढत जातो. कोणत्या रंगाला थांबायचे हे डोळ्यांनी कळावे लागते, नाहीतर स्प्रिंग काचेसारखी तुटते किंवा तारेसारखी वाकते. पुढे लाकूडकाम. अक्रोडाच्या दस्त्यात लोखंडी भाग बसवताना त्याला काजळी लावतात, लाकडावर दाबतात आणि जेथे डाग उमटेल तेवढेच पटाशीने खरवडतात. शंभर वेळा बसवायचे, शंभर वेळा काढायचे.

हे सारे झाल्यावर खरी बंदूक हाती येते आणि तीही बहुधा दुरुस्तीसाठी. येथे शिस्त आणखी कडक होते. समोरची प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून ती आधी तपासायची. कर्मशाळेत आलेल्या प्रत्येक शस्त्राची वहीत नोंद करायची. कोणाचे, कोणत्या क्रमांकाचे, केव्हा आले, केव्हा गेले. आणि अखेरीस मापे घेऊन निर्णय द्यायचा. नळी आतून झिजली आहे, कुलूप ढिले आहे, तेव्हा ही बंदूक चालवण्याजोगी नाही, असे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगता येणे, ही या शिक्षणाची शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा होय. युरोपात या ‘नाही’ म्हणण्याला शतकांची व्यवस्था आहे. बेल्जियममधल्या लिएजमध्ये १६७२ पासून, इंग्लंडात बर्मिंगहॅमला १८१३ पासून चाचणीगृहे आहेत. नेहमीपेक्षा जास्त दाब देणारा बार घालून नळीची परीक्षा घेतात. टिकली तर शिक्का, फुटली तर भंगार. शिक्का म्हणजे कोणीतरी पत्करलेली जबाबदारी.

कट्ट्यावर असा शिक्का नसतो. तो बनवणाऱ्याच्या हातात कसब असते, पण त्याला ‘नाही’ म्हणणारा कोणी नसतो आणि त्यालाही कोणाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. म्हणून कट्टा कधी समोरच्याचा जीव घेतो, तर कधी चालवणाऱ्याचाच हात. उस्तादाजवळ बसून शिकलेला उमर्टीचा पोरगा आणि फेरलाखचा विद्यार्थी यांच्या बोटांत फारसा फरक नसेलही. एकाच्या कामावर मात्र शिक्षकाची, परीक्षकाची, नोंदवहीची नजर असते. दुसऱ्याच्या कामावर फक्त खरेदीदाराची.

बंदुकीपासून सायकलीपर्यंत

या शिक्षणाचा दुसरा फायदा असा, की ज्याला ते मिळते तो बंदुकीला बांधलेला राहत नाही. आपल्या घरोघरी पोहोचलेली बीएसए सायकल घ्या. या तीन अक्षरांचा अर्थच मुळी ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. बर्मिंगहॅमच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन ही कंपनी काढली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे तिचे चिन्ह होते. सरकारी मागणी कमी झाली तेव्हा तीच यंत्रे आणि तेच हात सायकलींकडे, पुढे मोटारसायकलींकडे वळले. आपल्या रस्त्यावर धडधडणाऱ्या रॉयल एनफिल्डचे नाव इंग्लंडातल्या एनफिल्डच्या शस्त्र कारखान्यावरून आले. त्या कारखान्याला सुटे भाग पुरवण्यातून ते पडले. आणि ज्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर आपल्या कचेऱ्यांची कित्येक दशके गेली, ते यंत्र १८७३ च्या सुमारास अमेरिकेतल्या रेमिंग्टन या बंदूक कारखान्याने प्रथम बाजारात आणण्यासाठी हाती घेतले. लहान लहान भाग एकमेकांत अचूक बसवायचे आणि ते हजारो वेळा न अडकता चालले पाहिजेत, ही बंदुकीची आणि टंकलेखन यंत्राची गरज सारखीच होती.

मुंगेर किंवा उमर्टीचे कसब सायकलीपर्यंत का गेले नाही? बुद्धी कमी पडली, असे म्हणता येणार नाही. साध्या हत्यारांनी पिस्तुलाचे भाग जुळवणारा माणूस साचे बनवू शकतो, कुलपे बनवू शकतो, शस्त्रक्रियेची उपकरणे बनवू शकतो. परंतु त्यासाठी आराखडा वाचता यावा लागतो, मायक्रोमीटरची भाषा यावी लागते, आणि कारखान्याच्या दारात दाखवायला एक कागद लागतो. वडिलोपार्जित शिक्षण हातापर्यंत येते. कागदापर्यंत येत नाही.

आपल्याकडची वाट

आज एखाद्या मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणाली, की मला बंदुकांच्या दुरुस्तीचे काम शिकायचे आहे, तर आईवडिलांनी काय सांगावे? पहिली गोष्ट, घरात किंवा गॅरेजमध्ये हात घालून बघण्याचा हा विषय नव्हे. आपल्या कायद्यात शस्त्र बनवण्याप्रमाणेच ते दुरुस्त करण्यासाठीही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवणे, विकणे वा दुरुस्त करणे यासाठी किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. हौस म्हणूनही हे करता येत नाही.

दुसरी गोष्ट, कायदेशीर वाट आहे, पण ती सरकारी दारांतून जाते. लष्कराच्या ईएमई या शाखेत शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या आर्मोररना शिक्षण मिळते. पोलीस दलांना त्यांच्या शस्त्रागारांसाठी असे कारागीर लागतात. आयुध निर्माणींत शिकाऊ उमेदवार घेतले जातात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या ४१ निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या अनेक निर्माणी महाराष्ट्रात आहेत. खडकीची दारूगोळ्याची निर्माणी तर १८६९ पासूनची. उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने एके-२०३ रायफली बनवण्याचा करार २०२१ च्या डिसेंबरमध्ये झाला. रायफलींची संख्या सहा लाखांहून अधिक. खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत. या सर्वांना लागणारा माणूस कोठून येतो? बहुधा दोन वर्षांचा फिटरचा किंवा हत्यारे-साचे बनवण्याचा आयटीआय अभ्यासक्रम करून. तेव्हा ज्याला या कामाची ओढ आहे, त्याने आधी कानस धरावी. बंदूक नाही मिळाली तरी कानस उपाशी ठेवत नाही.

तिसरी वाट खेळाची आहे आणि ती अजून नीट बांधलेलीच नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अवघ्या दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. तिच मनू २०२४ साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके घेऊन परतली. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि गावोगावची मुले नेमबाजीच्या वर्गांत जाऊ लागली. खेळाडू तयार होत आहेत, प्रशिक्षक तयार होत आहेत. त्यांची हत्यारे सांभाळणारे कारागीर मात्र कोणत्या वर्गात तयार होणार? ठरावीक शक्तीपर्यंतच्या आणि .१७७ बोअरपर्यंतच्या हवेच्या बंदुकांना आपल्याकडे परवाना लागत नाही. झडपा, सील, चाप, नळी यांचे प्राथमिक शिक्षण त्यांच्यावर देता येईल आणि त्यात स्फोटक दारूचा संबंधही येत नाही. मोठ्या नेमबाजी केंद्राजवळच्या एखाद्या आयटीआयने असा छोटा अभ्यासक्रम काढला, तर तो वाया जाणार नाही.

शंका रास्त आहेत

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हे शिक्षण म्हणजे आगीशी खेळ. शिकवलेला माणूसच उद्या वाममार्गाला लागला तर? ही शंका हवेतली नाही. २०१८ साली मुंगेर परिसरात एके-४७ रायफली सापडू लागल्या, एका गावात तर विहिरीतूनही निघाल्या. तपासाचा धागा जबलपूरच्या लष्करी डेपोपर्यंत गेला आणि मोडीत काढलेल्या रायफलींचे भाग जुळवून विकल्याचा आरोप एका निवृत्त आर्मोररवरच झाला. सरकारी शिक्षण मिळालेला माणूसही मोहात पडू शकतो, हा या प्रकरणाचा धडा आहे. पण दुसरा धडाही त्यातच आहे. भागांची नोंद, माणसाची नोंद, सेवेचा कागद हे सारे असले, तर तपासाला धरण्याजोगा धागा मिळतो. ज्याची कोठेच नोंद नाही, त्या कारागिराचा शोध पोलिसांना प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. बंदुका कमी करायच्या की बंदूकवाले वाढवायचे? उत्तर सरळ आहे : बंदुका कमीच हव्यात. या कामात नोकऱ्याही मोजक्याच निघतील आणि मुंगेर-उमर्टीच्या प्रत्येक घराला त्या पुरणार नाहीत, हे आधीच मान्य करायला हवे. म्हणून बंदुकीची शाळा थोड्यांसाठी आणि कानशीची शाळा सर्वांसाठी, असे दोन भाग करावे लागतील. केंद्राच्या कौशल्य योजनेत, पूर्वानुभवाने आलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. उमर्टीतल्या आणि मुंगेरमधल्या किती जणांपर्यंत ती नेली गेली? ज्याच्यावर गुन्हा नाही, किंवा ज्याने शिक्षा भोगली आहे, अशा कारागिराला फिटर म्हणून तपासून कागद द्यावा, त्याच्या मुलाला जवळच्या आयटीआयमध्ये जागा द्यावी, आणि कारखानदारांनी त्याला दारातून परत पाठवू नये. ‘गाव कोणते?’ या एका प्रश्नावर नोकरी नाकारली गेली, तर तो मुलगा संध्याकाळी कोठे जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणखी एक गोष्ट सरकारला तातडीने करता येण्याजोगी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेण्याची अट घातली. जे बंदूक वापरतात त्यांना प्रशिक्षण, तर जे ती उघडून दुरुस्त करतात त्यांनाही ठरावीक अभ्यासक्रम आणि परीक्षा असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. डॉक्टरच्या भिंतीवर पदवी टांगलेली असते. बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या भिंतीवर परवान्याशेजारी प्रमाणपत्र असायला काय हरकत आहे?

जळगाव जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून पाहावा. एका टोकाला भुसावळ आणि वरणगाव येथे सरकारी आयुध निर्माणी आहेत. वरणगावला लष्करासाठी काडतुसे बनतात, कामाला जाणाऱ्या माणसाच्या छातीवर ओळखपत्र असते आणि निवृत्तीनंतर घर चालेल इतकी सोय असते. दुसऱ्या टोकाला, चोपड्याच्या पलीकडे, उमर्टीच्या भट्ट्या आहेत. मुंगेर आणि जमालपूर यांच्यात होते तसेच हे अंतर आहे. एसटीने अर्ध्या दिवसात कापता येईल इतके. छापे पडत राहतील, आणि पडायलाच हवेत. त्यांच्या मागोमाग त्या गावातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी आयटीआयचे प्रवेश अर्ज घेऊन कोणी गेले, तर पुढच्या छाप्यात सापडणाऱ्या हातांची संख्या थोडी तरी कमी होईल.